आठ तासांची पेटी

१

मास्तर गेले ते भर दुपारी, आणि तेही दानधर्म चालू असताना.

दानधर्म हा त्या इमारतीतल्या लोकांचा टवाळ शब्द. कागदोपत्री त्याला ‘सोडणी’ म्हणत. शहराने आपली वीज आपणच पिकवायची ठरवल्याला दहा वर्षं झाली होती. गच्च्यांवर सोलरच्या पाट्या बसल्या, प्रत्येक विभागात वीज साठवणारं साठाघर उभं राहिलं, आणि नियम ठरला की उन्हातल्या इमारतीने उरलेली वीज सावलीतल्या इमारतीला द्यायची. ही इमारत सावलीतली. समोर उंच मनोरा उठल्यापासून तिच्या गच्चीला ऊन जेमतेम दिसायचं, म्हणून वर्षभर ती शेजाऱ्यांच्या जिवावर पंखे फिरवायची. बदल्यात काय, तर ढगाळ दिवसांत ठरल्या वेळी सगळी वीज सोडून द्यायची, म्हणजे दवाखाने आणि पाण्याचे पंप बंद पडत नाहीत. आजवर सोडणी अर्ध्या तासाची असायची. त्या आठवड्यात आभाळ असं काही ठाण मांडून बसलं की पहिल्यांदाच ती दोन तासांची लागली, बारा ते दोन.

सोडणीत सगळं बंद व्हायचं, एक गोष्ट वगळता. ज्या घरात यंत्रावर जगणारा आजारी माणूस असेल त्या घराला ‘लाल लाइन’ मिळायची. तळमजल्यावर शिक्का मारलेली बॅटरीची पेटी, आणि तिच्यातून निघून थेट त्या घरात गेलेली लाल वायर. पाचव्या मजल्यावरचे मास्तर, उभा जन्म गणित शिकवण्यात घालवलेले, श्वासाच्या यंत्रावर होते. त्यांच्या एका यंत्राला ती पेटी आठ तास पुरायची. त्या भरवशावर त्यांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, घरातला प्राणवायूचा सिलिंडर परत करून टाकला होता. आणि त्याच भरवशावर त्या मंगळवारी साडेबाराला त्या औषधं आणायला खाली उतरल्या.

लिफ्ट बंद, आणि गुडघे सत्तरीचे. प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत काकू परत वर पोचल्या तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. यंत्र मुकं होतं. मास्तरांनी नाकावरची नळी काढून हातात धरली होती, चुकलेलं गणित तपासायला घ्यावं तशी.

पावणेदोनला, वीज परत यायच्या आधी, विभागाच्या वीज कचेरीतून तपासणीला मीटरबाई आल्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. छप्पन्न वर्षांच्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ, आणि एके काळी मास्तरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या. त्यांनी आधी यंत्रातली नोंद पाहिली. वीज गेल्याची वेळ बारा चाळीस. मग त्या खाली गेल्या. इमारतीच्या वायरमनच्या खोलीत पेटी जागच्या जागी होती, शिक्का शाबूत, कुठे जळाल्याचा डाग नाही. आत मात्र विजेचा टिपूस नव्हता.

बाई बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. चार महिन्यांपूर्वी तो त्यांनीच मारला होता. आठ तासांची वीज चाळीस मिनिटांत नाहीशी झाली होती, बंद पेटीतून, शिक्क्याला कुणाचाही हात न लागता.

२

पोलिसांना कोडी आवडत नाहीत, त्यांना माणूस लागतो. इमारतीच्या चेअरमननी तो पुरवला. पेटीच्या खोलीची चावी वायरमनकडे, म्हणजे चांगल्या बॅटऱ्या काढून जुनाट घालणारा वायरमनच, दुसरा कोण? शिक्का काय, खोटाही मारता येतो. संध्याकाळ व्हायच्या आत वायरमनला घेऊन गेले. तो ‘मी नाही’ सुद्धा म्हणाला नाही. खाली मान घालून गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरबाई काकूंकडे गेल्या. काकू रडत नव्हत्या. त्यांनी बाईंचा हात धरून समोर बसवलं.

“पोरी, मला इथेच राहायचंय,” त्या म्हणाल्या. “मूलबाळ नाही, जाणार कुठे? जिन्यात रोज हीच माणसं भेटणार. हे कुणामुळे झालं ते कळलं, तर त्या एकाचं तोंड बघणार नाही आणि बाकीच्यांशी बोलेन. नाही कळलं, तर प्रत्येकाकडे संशयाने बघत दिवस काढायचे. तू शोध. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस. खरं तेच सांग.”

“काकू, शब्द देते,” बाई म्हणाल्या. “खरं तेच सांगेन.”

पुढे त्यांना त्या शब्दाचा फार पश्चात्ताप झाला.

गुरुवारी त्यांनी पेटी काठोकाठ भरून घेतली, मास्तरांचं यंत्र खाली आणून तिला जोडलं, आणि सकाळी आठ वाजता समोर स्टूल टाकून बसल्या. येणारे-जाणारे डोकावत होते. कुणी चहा विचारला, कुणी ‘बाई, यंत्राला काय बाळंतपण आहे का?’ म्हणून हसून गेलं. दुपार टळली. यंत्र आपलं सुस्कारे टाकत होतं.

ते बंद पडलं चार वाजून पंधरा मिनिटांनी. आठ तास आणि वर पाव तास. बॅटऱ्या अस्सल होत्या, अगदी नव्याकोऱ्या असाव्यात तशा. वायरमनने त्यांना हात लावला नव्हता.

मग मंगळवारी ती वीज गेली कुठे?

३

शुक्रवारी बाई आधी चेअरमनकडे गेल्या. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. गृहस्थ गोलमटोल, बोलणं त्याहून.

“माझ्या घरी काय विचारायचंय? दानधर्म सुरू झाला आणि मी जेवून आडवा झालो. टीव्ही बंद, करायचं काय? छान डोळा लागला. पाऊणच्या सुमारास घामाने डबडबून जाग आली, तेव्हापासून वारा घालत बसलो. मास्तरांचं कळलं ते काकूंचं ओरडणं ऐकून. त्या वायरमनला मी आधीपासून सांगत होतो, नीट वाग.”

“काय नीट वागत नव्हता तो?”

चेअरमन घुटमळले. “तसं काही नाही. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला, एवढंच.”

तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंपी हाडाचा गप्पिष्ट. तोंड आणि मशीन एकदम चालायचं.

“आमची मशीन पायाची, बाई, आम्हाला विजेचं कौतुक नाही. मंगळवारी एका गिऱ्हाइकाचे पडदे होते, सोळा. साडेबाराला बरोबर घ्यायला आली. घाईघाईत घडी घातली तर म्हणते, अहो भाजतंय. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. ती गेली, मी डबा उघडला, तेवढ्यात वर आरडाओरडा. घास तसाच राहिला. मास्तर देवमाणूस हो. माझ्या मुलीला त्यांनी अपूर्णांक शिकवले.”

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. बाईंनी तेही वहीत लिहिलं.

मास्तरांच्या अगदी समोर राहायची ती फोनवाली. घरी बसून, कानाला यंत्र लावून, कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची तिची नोकरी. नवरा दूर, कामावर. मूल वर्ष-सव्वा वर्षाचं, तिच्या कडेवरून बाईंच्या चष्म्याला हात घालत होतं.

“मास्तरांच्या यंत्राचा भोंगा वाजला असणार,” बाई म्हणाल्या. “वीज गेली की वाजतो. ऐकलास?”

ती एकदम रडायलाच लागली.

“ऐकला. पण मला वाटलं माझाच यूपीएस. वीज गेली की तोही असाच कोकलतो. बारा चाळीस झाले होते, मी घड्याळ बघितलं, पाऊणला माझी शिफ्ट संपते ना. मी त्याचं बटण दाबलं, तो गप्प झाला. तरी आवाज येतच होता. मला वाटलं असेल दुसऱ्या कुणाचा. बाळ उठेल म्हणून दार लोटून घेतलं. बाई, मी दार लोटून घेतलं हो!”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी त्या आणखी सात घरी फिरल्या. सगळी माणसं भली, सगळ्यांना मास्तरांबद्दल हळहळ, आणि कुणीच ताकास तूर लागू देत नव्हतं. जिना उतरताना त्यांचा फोन वाजला. पोलीस ठाण्यातून होता. वायरमन कबुलीजबाब द्यायला तयार झाला होता.

४

“मीच बदलल्या बॅटऱ्या,” वायरमन म्हणाला. “चांगल्या काढल्या, जुन्या घातल्या.”

कोठडीबाहेरच्या बाकावर दोघं बसली होती. हवालदार जरा लांब पेपर वाचत होता. वायरमन चाळिशीचा, हातांवर भाजल्याच्या खुणा, अंगात इमारतीनेच दिलेला खाकी शर्ट.

“चांगल्या कुठे आहेत त्या?”

“विकल्या.”

“आणि ज्या पेटीत आहेत त्या जुन्या?”

“हो.”

“त्या जुन्यांवर काल मास्तरांचं यंत्र सव्वाआठ तास चाललं,” बाई म्हणाल्या. “मी स्वतः समोर बसून होते.”

कुठल्याही निरपराध माणसाला हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं असतं. वायरमनची मात्र पाचावर धारण बसली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून बाईंच्या पायाला हात लावला.

“बाई, पाया पडतो. बॅटऱ्या खराब होत्या असंच लिहा. मी दोन-चार वर्षं आत काढीन. माझ्यामागे रडणारं कुणी नाही.”

“वेड लागलंय का तुला? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची? कुणाला वाचवतोयस?”

“मी संन्यासी नाही, बाई. हात माझेच आहेत.”

“म्हणजे?”

“मी वायरमनच्या परीक्षेत तीनदा नापास झालो होतो. मास्तरांनी घरी बसवून शिकवलं. वर्षभर काकूंनी जेवायला घातलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दारात घाण टाकायची नसते.”

मास्तरांचं मीठ खाल्लेला माणूस मास्तरांच्या मरणाबद्दल खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःचा गळा अडकवून. बाईंनी आणखी दहा प्रश्न विचारले. त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. निघताना फक्त एवढंच म्हणाला, “वर चढू नका, बाई. खालीच थांबा.”

५

शनिवारी सकाळी बाई कचेरीत टेबलाशी बसल्या. समोर वही. मास्तर वर्गात म्हणायचे, गणित सुटत नसेल तर आधी काय दिलंय ते लिहा. त्यांनी लिहिलं. एक यंत्र, आठ तास. म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं. प्रत्यक्षात पुरली चाळीस. चारशे ऐंशीला चाळिसाने भागलं.

बारा.

भागाकार बिनबाकी सुटला. बाईंनी आकड्याभोवती गोल काढला. एका यंत्राची वीज चाळीस मिनिटांत संपायची, तर, प्रत्येकाची भूक यंत्राएवढीच धरून, तिच्यावर बारा जण जेवायला बसलेले हवेत. एक मास्तरांचं यंत्र. मग उरलेले अकरा कोण?

त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि आता ती वाचवेना. वीज बाराला गेली होती. मग चेअरमनना घाम पाऊणला का फुटला? चाळीस मिनिटं डोक्यावर पंखा फिरत होता म्हणून. शिंप्याचे पडदे साडेबाराला हाताला भाजत होते, ते कशाने? इस्त्री चालू होती म्हणून. फोनवालीचा यूपीएस वीज जाताच ओरडतो, तर तो बाराला ओरडायला हवा. तो ओरडला बारा चाळीसला, मास्तरांच्या यंत्राबरोबरच, कारण दोघांची वीज एकाच क्षणी गेली. कुणीही बाईंशी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं होतं, फक्त आपण काय सांगतोय ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तासाभरात बाई जिन्यात होत्या, हातात पेचकस. प्रत्येक मजल्यावर भिंतीत वायरींची उभी खाच असते, तिच्यावर पत्र्याचं झाकण. सगळं जुनाट, धुळीने माखलेलं. झाकणाचे स्क्रू मात्र चकाकत होते, वारंवार फिरवल्यासारखे. तळमजल्यावरचं झाकण निघालं. आत लाल वायर. तिच्यावरून कुणी काही चोरत नव्हतं आता, मंगळवारी संध्याकाळीच सगळ्यांनी आपापल्या वायरी उपटून नेल्या असणार. पण जिथे जोड दिला होता तिथे वायरीची साल सोललेली होती आणि वर घाईने चिकटपट्टी गुंडाळली होती. तळमजल्यावर एक जोड. पहिल्या मजल्यावर दोन. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर दोन, चौथ्यावर दोन.

दोनदा ही इमारत तपासली होती त्यांनी. दोन्ही वेळा पेटीचा शिक्का पाहिला, फॉर्मवर ‘ठीक’ लिहिलं आणि निघून गेल्या. फॉर्ममध्ये पेटीचं विचारलं होतं, वायरीचं नव्हतं. शहराने पेटीला कुलूप घातलं आणि पाच मजले वायर उघडी सोडली. एकदा, फक्त एकदा हे झाकण उचललं असतं तर? बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि वही उघडली.

मग त्यांनी मोजलं. दहा जोड. गणित म्हणत होतं अकरा.

त्या उठून पाचव्या मजल्यावर गेल्या आणि झाकण काढलं. लाल वायर अखंड होती, कुठेही सोललेली नाही. खाचेतून निघून ती सरळ मास्तरांच्या घरात शिरत होती. फोनवालीच्या घराकडे काही जात नव्हतं. मग तिचा यूपीएस बारा चाळीसपर्यंत कशावर चालत होता? या खाचेच्या पुढे लाल वायर फक्त एकाच घरात होती.

वर चढू नका, असं वायरमन म्हणाला होता.

६

रविवारी सकाळी बाईंनी दहाही घरांना चेअरमनच्या हॉलमध्ये बोलावलं. फोनवाली दाराशी, बाळाला घेऊन उभी होती. काकूंना बोलावलं नव्हतं.

बाईंनी गणित मांडलं. घाम, पडदे, यूपीएस, चारशे ऐंशी भागिले चाळीस. मग जोड कुठल्या मजल्यावर किती ते सांगितलं. मध्येच कुणीतरी रडू लागलं. शिंपी भिंतीला टेकून खाली बसला.

“माझी इस्त्री,” तो म्हणाला. “माझी इस्त्री होती हो.”

“तुमची एकट्याची नाही,” बाई म्हणाल्या. “एकट्याच्या इस्त्रीने मास्तर गेले नसते, आणि एकट्याच्या पंख्यानेही नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढ्याने काय होतंय. अर्ध्या तासाच्या सोडणीत काही झालंही नाही. वर्षभर पेटी रिकामी होत होती आणि परत भरत होती, कुणाला पत्ता नव्हता. सोडणी दोन तासांची झाली आणि उघडं पडलं.”

“पण बाई, आम्हाला काय माहीत दुसऱ्यांच्याही वायरी आहेत?” एक जण कळवळून म्हणाला. “वायरमन म्हणायचा, तुम्हाला म्हणून देतो.”

“तुम्हाला म्हणून,” बाई म्हणाल्या. “दहाही जणांना.”

चेअरमननी घसा खाकरला. आता त्यांच्या बोलण्यात गोलाई नव्हती. “मग काय करणार आहात? दहा घरांना बेड्या घालणार? मास्तर परत येणार आहेत? हे कागदावर आलं तर इमारतीची वाटणी बंद होईल. आम्ही सावलीत आहोत, बाई. शेजाऱ्यांनी वीज दिली नाही तर अंधारात बसायचं. बॅटरी खराब होती म्हणा. वायरमन कबूल आहेच.”

कुणीही ‘नको’ म्हणालं नाही. भली माणसं सगळी. बाईंनी प्रत्येकाकडे पाहिलं आणि प्रत्येकाने नजर चुकवली.

त्याच वेळी कचेरीतल्या साहेबांचा फोन आला; बाईंनी आदल्या रात्रीच त्यांना सगळं कळवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता, तीच तर अडचण. “बाई, मलाही कळतंय,” ते म्हणाले. “पण लाल लाइन चोरली जाते असं एकदा लिहिलंत, की वरचे लोक शहरभरच्या लाल लाइनी काढून टाकतील. साडेचारशे घरं आहेत. साडेचारशे मास्तर. त्यांचं काय? बॅटरी खराब, एवढं लिहा आणि मिटवा.”

खरं लिहावं तर साडेचारशे आजारी उघड्यावर. खोटं लिहावं तर वायरमन तुरुंगात. बाई फोन ठेवून बाहेर आल्या. जिन्यात फोनवाली वाट बघत होती.

“बाई, माझी वायर खाचेत नव्हती,” ती हळूच म्हणाली.

“माहीत आहे.”

“मागच्या उन्हाळ्यात, वळवाच्या ढगांच्या दिवसांत, बाळ महिन्याचं होतं. सोडणीत खोली अशी तापायची की ते निळं पडायचं रडून रडून. काकूंनीच वायरमनला बोलावलं. म्हणाल्या, आमच्या आतल्या खोलीतून हिला एक पंख्यापुरती दे. तो नको म्हणत होता. काकू म्हणाल्या, अरे, आपलीच वीज, आपणच देतोय, चोरी थोडीच आहे? मग पंख्याला जोडून मी यूपीएसही लावला. काकूंना ते माहीत नाही. आणि शिंप्याने वायरमनला भिंत फोडताना पाहिलं. त्यांना देतोस, मग मला का नाही? तिथून सुरू झालं.”

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “काकूंना सांगू नका, बाई. त्या मरतील.”

७

अहवालावर तक्रारदाराची सही लागते. तक्रारदार काकू.

सोमवारी दुपारी बाई त्यांच्यासमोर बसल्या. पिशवीत दोन कागद होते. एकावर बॅटरी खराब, दुसऱ्यावर खरं. कुठला काढायचा ते दारापर्यंत ठरलेलं नव्हतं.

“कळलं?” काकूंनी विचारलं.

“कळलं.”

“कोण?”

“एक नाही, काकू. बरेच. लाल वायरीवरून लोकांनी आपापल्या घरी वायरी घेतल्या होत्या. सगळ्यांनी मिळून पेटी संपवली.”

“कोण कोण?” काकू म्हणाल्या, आणि बाईंनी दहा घरं सांगितली, मजल्यावार. प्रत्येक नावाला काकू मान हलवत होत्या. शिंप्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

“एकाचं बघून दुसऱ्याने केलं असणार,” त्या म्हणाल्या. “माणसं मेंढरं असतात, पोरी. त्यांना मी शिव्या देणार नाही. पण पहिला कोणीतरी असेलच ना? ज्याने वाट दाखवली तो? त्या माणसाचं तळपट होवो. त्याला या जन्मात शांत झोप लागायची नाही, हे माझं सांगणं आहे. माझ्या माणसाचा श्वास त्याने सगळ्यांत पहिल्यांदा तोडला. कोण तो? वायरमन?”

“नाही, काकू.”

“मग?”

“राहू द्या ना.”

“तू शब्द दिला होतास.”

बाईंनी पिशवीत हात घातला. काकूंकडे पाहून खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, इतकी वर्षं सरकारी नोकरी केली होती. पण साडेचारशे लाइनींसाठी नंतर वरच्यांशी भांडता येणार होतं; खोट्याची किंमत मात्र वायरमन भरणार होता, आणि काकू उरलेलं आयुष्य दाराच्या फटीतून कुठल्यातरी निरपराध पहिल्या माणसाला शोधत बसणार होत्या. त्यांनी दुसरा कागद काढला.

“चष्मा सापडत नाही,” काकू म्हणाल्या. “तू वाच.”

बाईंनी वाचायला सुरुवात केली. पेटी, शिक्का, बारा चाळीस. दहा जोड, मजल्यावार. तपासनिसाने दोन वेळा वायर न तपासल्याची चूक, तपासनिसाच्या सहीने. मग त्या थांबल्या.

“वाच ना.”

“पहिला जोड,” बाईंनी वाचलं, “पाचवा मजला, मास्तरांच्या घरातून. समोरच्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या पंख्यासाठी. जोड देण्यास सांगणार, मास्तरांची पत्नी.”

रस्त्यावरून कुठलीशी गाडी गेली. समोरच्या घरात बाळ काहीतरी आपटत होतं, ठोक, ठोक, मजेत. काकूंचे हात मांडीवर होते तसेच राहिले. बाईंना वाटलं, आता या ओरडतील, नाहीतर कोसळतील. तसं काही झालं नाही. त्या फक्त लहान लहान होत गेल्यासारख्या दिसल्या.

“एवढंसं होतं गं ते,” शेवटी त्या म्हणाल्या. “उकाड्याने लाल झालं होतं.”

“हो, काकू.”

“त्यांनी हो म्हटलं होतं. विचारलं होतं मी त्यांना. म्हणाले, दे, आपल्याला आठ तास आहेत.”

बाईंना रडू आवरेना. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, पेन मागितलं, आणि बोटाने चाचपत विचारलं, “सही कुठे करायची?”

बाईंनी जागा दाखवली. काकूंनी सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी, पूर्ण नावाची सही केली आणि कागद परत दिला.

“वायरमनला सोडवून आण,” त्या म्हणाल्या. “आणि जाताना दार बाहेरून ओढून घे. मला आता कुणाला तोंड दाखवायचं नाही.”